ठकीची कबुली

"ठकीनं? अगं, काहीतरीच काय! कुंडी माझ्याच हातून फुटली," खालच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई कुलपात किल्ली फिरवत म्हणाल्या. "बहिणीकडे जायची घाई. बॅग ओढत निघाले, तिचा धक्का लागला आणि कुंडी गेली गडगडत जिन्यावरून. तुकडे उचलायलासुद्धा थांबले नाही. आणि तू माझी माफी मागतेस?" त्या मनापासून हसल्या. मग दार उघडता उघडता मागे वळून म्हणाल्या, "पाठव बाई तिला माझ्याकडे. केलेलं नाकबूल करणारी पुष्कळ पाहिली मी दवाखान्यात. न केलेलं कबूल करणारं लेकरू बघायचंय एकदा." आणि दार लागलं.

ठकीची आई जिन्यातच उभी राहिली. हातात बटाट्यांची पिशवी होती आणि तिचे बंद बोटांत रुतताहेत, हे तिला आत्ता कळलं. काय बोलायचं ते तिनं घोळवून ठेवलं होतं. लेकराकडून चूक झाली खरी, पण तिनं आपणहून सांगितलं, लपवलं नाही. या शेवटच्या वाक्यासाठीच तर ती नर्सबाईंच्या परतण्याची वाट बघत होती. माफीच्या आडून थोडी शेखी मिरवायची होती, हे तिचं तिला ठाऊक होतं. ते वाक्य आता तोंडातच राहिलं. काय रडली होती पोरगी त्या संध्याकाळी! उचकी लागेपर्यंत रडली होती. "मी चेंडू मारला," ती म्हणाली होती, "तो आधी भिंतीला लागला आणि मग कुंडीला." आधी भिंतीला. त्या भिंतीवरच आईचा विश्वास बसला होता. खोटं बोलणारा माणूस सरळ कुंडीला चेंडू मारून मोकळा होतो, त्याला मधली भिंत सुचत नाही, असं तिला वाटलं होतं. आणि तिनं पोरीला कुशीत घेतलं होतं. ठकी हे काही तिचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हे. जन्मली तेव्हा मोठे डोळे आणि गोल टकलू, अगदी लाकडी बाहुलीसारखी, म्हणून आजीनं ठकी म्हटलं आणि तेच चिकटलं. सात वर्षं घरात हे नाव दिवसातून शंभरदा घेतलं जात होतं. आज जिन्यात उभं असताना पहिल्यांदाच तिला त्या नावात ठक ऐकू आला.

तिची नोकरीच मुळी दोष शोधण्याची. बाटल्यांच्या कारखान्यात पांढऱ्या दुधी दिव्याच्या फळीसमोर बसायचं, पट्ट्यावरून औषधाच्या बाटल्या एकामागून एक सरकत येतात, त्यांच्याकडे बघत राहायचं. कुणाच्या पोटात बुडबुडा असतो, कुणाच्या गळ्याला केसाएवढा तडा, कुणी बुडाशी जरा तिरकी. चांगल्या बाटलीतून उजेड आरपार जातो. खोट असली की तिथे तो अडखळतो. ते अडखळणं तिला इतरांच्या आधी दिसायचं. बरोबरच्या बायका तिला भिंगबाई म्हणत, थोडं कौतुकानं, थोडं टोचून. कामावरून सुटल्यावरही डोळे थांबत नसत. रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा पट्ट्यावरून आल्यासारखा सरकत यायचा आणि ती नकळत उजेड कुठे अडखळतो ते बघायची. चर्चच्या मंडळीत एकदा बाहेरून एक उपदेशक आले होते. वाणी मधाळ, प्रभूचं नाव वाक्यावाक्याला. सगळे भारावून गेले. तिनं घरी आल्यावर मुलींना समोर बसवून सांगितलं, "गोड बोलतो तो खरा असतोच असं नाही. प्रभूचं नाव कुणीही घेऊ शकतं. पारखून घ्यायचं. मीसुद्धा काही सांगितलं तरी पारखून घ्यायचं." थोरलीनं मान डोलावली होती. ठकीनं विचारलं होतं, "पारखायचं म्हणजे कसं?" आणि ती म्हणाली होती, "डोळ्यांत बघायचं." इतकी वर्षं ती ठकीच्या डोळ्यांत बघत आली होती. पाण्यानं भरलेले ते डोळे, आणि त्यातून उजेड कसा आरपार!

जिना चढताना तिला तिचे वडील आठवले. वडील प्रचारक होते. गावोगाव सायकलवरून हिंडून देवाचं वचन सांगायचे आणि घरी आले की खुर्चीत बसायचे. घरात काही मोडलं, सांडलं, नाहीसं झालं की सगळ्या भावंडांना ओळीनं उभं करायचे. मारायचे नाहीत. नुसते बसून राहायचे. जेवण झाकलेलं असायचं, आणि कुणीतरी खरं सांगेपर्यंत झाकणच निघायचं नाही. भुकेनं पोटात कालवाकालव व्हायची, धाकटा भाऊ मुसमुसायचा, आणि शेवटी खरं बाहेर यायचंच. ते खरं होतं हे कबूल, पण त्याला भीतीचा वास होता. लग्नानंतर पहिली मुलगी पोटात असतानाच तिनं ठरवून टाकलं की आपल्या घरात सत्य असं ओरबाडून काढायचं नाही. ते आपणहून आलं पाहिजे, प्रेमाच्या ओढीनं. म्हणून संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत तिनं ती प्रथा पाडली. आधी एक गीत, मग नवरा पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचा, आणि मग प्रत्येकानं दिवसभरातलं काय चुकलं ते सांगायचं. याला घरात 'उजेडात ठेवणं' म्हणत. उजेडात ठेवलेल्या गोष्टीला शिक्षा नाही, हा नियम. उलट, सांगणाऱ्याला ती जवळ ओढायची, डोक्यावर हात ठेवायची, आणि शेवटची प्रार्थना होईपर्यंत तो हात तिथेच असायचा. पाळकसाहेबांनी एकदा भर उपासनेत या घराचं उदाहरण दिलं होतं. तेव्हा ती खाली बघत बसली होती, कान तापेपर्यंत.

घरात शिरली तर थोरली टेबलाशी गृहपाठ करत होती. ठकी खाली मैदानात. खिडकीतून तिचा आवाज ओळखू येत होता. आईनं पिशवी ओट्यावर ठेवली, बटाटे धुवायला घेतले आणि मनात पाल चुकचुकली. थोरलीनं काही केलं असेल आणि ठकी तिला पाठीशी घालत असेल का? पण कुंडी तर नर्सबाईंनीच फोडलेली. त्यात थोरलीचा काय संबंध? मग कुणी शिकवलं असेल? शाळेत कुणी? रविवारच्या शाळेतली ती नवी शिक्षिका, फार हसते, मुलांना फार जवळ घेते, ती? का बरं कुणी शिकवेल असलं? बटाट्याची माती बोटांखालून सुटत होती आणि एकेक जुनी संध्याकाळ वर येत होती. खोडरबराची. ठकीनं सांगितलं होतं की बाकावरच्या मैत्रिणीचं खोडरबर तिनं चोरलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः ठकीचा हात धरून शाळेत गेली होती, खोडरबर परत करायला. ती मैत्रीण त्या रबराकडे बघतच राहिली होती. "हे माझं नाही," म्हणाली होती. किती भली पोरगी, आपल्या मैत्रिणीला सांभाळून घेते, असं तिला वाटलं होतं. ती भली वगैरे काही नव्हती. रबर तिचं नव्हतंच! मग दूध सांडल्याची संध्याकाळ. मांजरीला दगड मारल्याची. मनात बाईंना शिवी दिल्याची. कुठली शिवी म्हणून विचारलं तर ठकीला एकही सांगता आली नव्हती आणि तिला हसू आलं होतं. हे सगळं तिनं ओळीनं तपासून 'चांगलं' म्हणून पुढे सोडलेलं होतं. आता एकेक परत उजेडापुढे धरली तर प्रत्येकीत बुडबुडा. तिनं नळ बंद केला. हात गार पडले होते. एखादं मूल आपलं पाप लपवतं, हे तिला कळत होतं. त्यासाठी तर हा सगळा खटाटोप. पण नसलेलं पाप दाखवणारं मूल? त्याला काय म्हणायचं? आणि ते दाखवत असेल, तर त्यामागे लपवत काय असेल?

सिंकमध्ये सकाळचा नवऱ्याचा कप होता. ती त्याच्याकडे बघत राहिली. कारखान्यात मुकादम मधूनच एखादी तडा गेलेली बाटली मुद्दाम ओळीत सोडतो, तपासणाऱ्याचे डोळे जागे आहेत का ते बघायला. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नाही. ती चाचणी असते. तिनं कप उचलला, कान धरून ओट्याच्या कडेवर हलकेच आपटला. तुटला नाही. पुन्हा जरा जोरात आपटावा लागला. "काय झालं गं आई?" थोरलीनं आतून विचारलं. "काही नाही. झाकण पडलं," ती म्हणाली. हे वाक्य इतकं अलगद तोंडातून गेलं की ते बोलून झाल्यावर तिला ऐकू आलं. तिनं कप आणि तुटका कान सिंकमध्ये नीट दिसतील असे ठेवले.

नवरा आला तो नेहमीसारखाच, बाह्यांना ग्रीसचा वास, बोलणं मोजकं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लोक अडकलेल्या डब्यात आरडाओरडा करत असायचे आणि हा वरून शांतपणे म्हणायचा, "घाबरू नका, मी इथेच आहे." असल्या माणसाशी भांडण काढायचं म्हटलं तरी धागा सापडत नसे. संध्याकाळ झाली, सगळे बसले. गीत झालं. नवऱ्यानं वाचलं, काय वाचलं ते तिच्या कानात शिरलं नाही. मग तो नेहमीप्रमाणे म्हणाला, "आज कामावर जरा चिडलो मी." आणि तिची मान झटकन वर झाली. हेच तो कालही म्हणाला होता. परवाही. हा माणूस? कुणावर चिडला? हा चिडलेला कुणी पाहिलाय तरी? तिनं त्याच्याकडे निरखून बघितलं, आणि त्यानं शास्त्र मिटवून नजर दुसरीकडे वळवली. मग तिनं घसा साफ केला. "सिंकमध्ये कपाचा कान तुटलेला सापडला मला," ती म्हणाली. सापडला, हा शब्द तिनं दुपारीच निवडून ठेवला होता.

मग ठकीचा खालचा ओठ पुढे आला, डोळे भरले. "मी तोडला," ती म्हणाली. "पाणी प्यायला घेतला. हातातून निसटला. आधी नळाला लागला, मग खाली पडला."

"नाही आई," थोरली घाईनं मध्ये बोलली. "तिनं नाही. माझ्याकडून तुटला. घासत होते तेव्हा."

"अगं, असू दे," नवरा म्हणाला. "माझ्याच हातून झालं असेल. सकाळी घाईत होतो."

तिघं एकमेकांकडे बघू लागले. ठकी रडायची थांबली, थोरलीचे कान लाल झाले, आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर, अडकलेल्या लिफ्टचा दोष कुठे आहे हे हळूहळू लक्षात यावं तसं काहीतरी आलं. तो तिच्याकडे वळला. तिला हसावंसं वाटलं आणि भीतीही वाटली. एका कपाला तीन गुन्हेगार. या खोलीत आपण इतकी वर्षं कुणाबरोबर बसत होतो? तिला गप्प राहता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं, "बरं, झालं ते झालं, चला प्रार्थना करू." ते जिभेवर आलंही. पण तिघंही तिच्याकडे बघत होते. आणि ज्यांना तिनंच डोळ्यांत बघायला शिकवलं होतं, ते डोळ्यांतच बघत होते.

"मी तोडला," ती म्हणाली. "मुद्दाम तोडला."

"का?" थोरलीनं विचारलं.

"कोण खोटं बोलतं ते बघायला."

थोरली उठली. बारा वर्षांची पोर, पण उभी राहिली तेव्हा एकदम मोठी दिसली. "मला वाटलं ठकीनं तोडला, म्हणून मी माझ्यावर घेतला," ती म्हणाली. "मी विचारलं होतं तुला, काय झालं म्हणून. तू म्हणालीस, झाकण पडलं." एवढं बोलून ती आतल्या खोलीत गेली. दार आपटलं नाही तिनं, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. नवऱ्यानं दुसराही दिवा लावला, उगाचच. "आणि तुम्ही?" तिनं त्याला विचारलं. आवाज तिला नको तितका करडा आला. "रोज कामावर चिडता म्हणता. कुणावर चिडता?"

"कुणावर नाही," तो म्हणाला.

"मग?"

"काहीतरी सांगावं लागतं ना. मुलींसमोर रोज गप्प कसा बसू? तू वाट बघत असतेस." मग तो म्हणाला, "तू वाईट नाहीस गं. पण तू बघायला लागलीस की माणसाला वाटतं, आपल्यात काहीतरी निघायलाच हवं."

ठकी अजून तिथेच मांडी घालून बसली होती. ती ठकीजवळ सरकली. नर्सबाई, कुंडी, खोडरबर, सगळे प्रश्न ओठांशी गर्दी करून उभे होते. तिनं त्यातला एकच घेतला. "तू का सांगितलंस गं? तू तर कपाला हातही लावला नव्हतास."

ठकीनं चटईची एक काडी उसवून काढली. "आज माझ्याकडे काहीच नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं तर नव्हतं. तसं सांगायचं."

"काही नसलं की तू लवकर आमेन म्हणतेस."

खरंच होतं ते. ज्या संध्याकाळी कुणाचं काही चुकलेलं नसे, त्या संध्याकाळी ती प्रार्थना आवरती घेऊन स्वयंपाकाकडे वळायची. चांगल्या बाटलीकडे कोण थांबून बघतं? पोरीनं पारखलं होतं. अगदी शिकवलं तसं, नीट पारखून आईचा दर काढला होता: एक चूक, एक कूस. वडिलांच्या त्या झाकलेल्या जेवणापासून आपण किती लांब आलो असं ती समजत होती, आणि इथे झाकण तिच्याच हातात होतं.

त्यानंतर 'उजेडात ठेवणं' बंद झालं. कुणी बंद केलं नाही. कुणी सुरूच केलं नाही. गीत व्हायचं, वाचन व्हायचं, मग एक मोकळी जागा यायची आणि त्या जागेत चौघं आपापल्या गुडघ्यांकडे बघत बसायची. ती आता आमेन लवकर म्हणत नसे. ठकीला जवळ घेऊन बसायची, काही कारण नसताना. सुरुवातीला ठकीचं अंग ताठ असायचं, फुकट मिळालेल्या वस्तूकडे माणूस संशयानं बघतो तसं. थोरली अंतर ठेवून बोलायची. आई काही म्हणाली की तिच्या डोळ्यांत एक पडताळणी व्हायची, आणि ती आईला दिसायची. दिसणारच. त्या नजरेची घडण तिच्या ओळखीची होती. एकदा ती म्हणाली, "बाहेर गार आहे, स्वेटर घाल," तर थोरली खिडकीशी जाऊन हात बाहेर काढून बघून आली. कारखान्यात पट्टा सरकत होता. पण मधेच तिला वाटायचं, बाटलीत दिसलेला तो बुडबुडा बाटलीतलाच, की आपल्या डोळ्यांतला? मग ती एखादी चांगली बाटली बाजूला काढायची आणि परत ठेवायची. शेजारची बाई म्हणाली, "भिंगबाई, आज भिंग पुसून आणलं नाही वाटतं?" ती हसली. प्रभूसमोर एकटी बसली की तिला शब्द सुचत नसत. काय सांगायचं? आणि आपण सांगू ते तरी खरं कशावरून? त्यालाही खूश करण्यासाठी आपण इतकी वर्षं काय काय नेऊन ठेवलं असेल, कुणास ठाऊक.

तिच्या सुट्टीच्या दिवशी ती ठकीला शाळेत सोडायला निघाली. फुटपाथ कुणीतरी उकरून ठेवला होता, त्यामुळे रस्त्याच्या कडेनं, उभ्या गाड्यांना चिकटून चालावं लागत होतं. ठकीचा हात तिच्या हातात होता आणि ठकी एकेका गाडीच्या आरशात स्वतःला बघत, तोंडं वेडावत चालली होती. वळणाशी ती मधेच म्हणाली, अगदी पावसापाण्याचं बोलावं तशी, "रविवारच्या शाळेत ती लहान मुलगी आहे ना, बोबडी बोलते ती? तिला मी चिमटा काढला होता."

"कधी?"

"मागे. बाकाखालून. ती रडली आणि बाईंना सांगताच येईना तिला." ठकी पुढच्या आरशापाशी थांबली, पण या वेळी तिनं तोंड वेडावलं नाही. "मला मजा वाटली. मग मी परत काढला."

रडू नव्हतं. ओठ पुढे आला नव्हता. आधी भिंतीला, मग कुंडीला, असलं काही नव्हतं. आवाज कोरडा, थोडा चिडकाच. "हे तू प्रार्थनेत कधी सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

"का गं?"

ठकीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू एवढंही हिला कळू नये. "हे खरं होतं ना," ती म्हणाली.

मागून गाडीचा हॉर्न वाजला आणि दोघी कडेला झाल्या. तिच्या मनात प्रश्नांची रांग लागली. कुठला रविवार, किती जोरात, कुणी पाहिलं का, त्या बोबड्या मुलीच्या आईला विचारलं तर? आणि रांगेच्या अगदी टोकाला, सगळ्यांत हळू आवाजात: हेही कशावरून? आता खरं आवडतं म्हटल्यावर पोरीनं खरं घडवायला घेतलं नसेल कशावरून? तिनं ठकीच्या डोळ्यांत बघायला मान वळवली. ठकी समोर, शाळेच्या फाटकाकडे बघत होती. डोक्यावर ठेवायला हात थोडा वर आला होता, तो तिनं तसाच खाली घेतला. "बरं," ती म्हणाली. एवढंच. ठकी आणखी काही येतंय का याची वाट बघत काही पावलं चालली. काहीच आलं नाही, तेव्हा तिनं नाक ओढलं आणि हात जास्त घट्ट धरला, की सोडवायला म्हणून आधी आवळला, ते तिला कळलं नाही. फाटकाशी ठकी हात सोडून पळाली. सारख्याच कपड्यांतली मुलं आत धावत होती, एकमेकांना ढकलत, ओरडत. ती गजांशी उभी राहून बघत राहिली. थोडा वेळ तिला ठकी दिसत होती. मग त्या सगळ्यांत आपली कुठली, ते तिला ओळखू येईना.